मूकपटात बोललेलं वाक्य

१२ मार्च, मंगळवार

शेजारच्या प्रीताने आज मला हिरो केलं. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि हिरो!

पोरगी फिल्म स्कूलमधून नुकतीच बाहेर पडली आहे. आणि करते काय, तर मूकपट. मी मुलाकडे राहतो त्या फ्रीमाँट गावाचा जुना भाग म्हणजे नाइल्स, तिथे शंभर वर्षांपूर्वी मूकपट बनायचे, म्हणून हिलाही तिथेच करायचाय. गोष्ट एका इंग्रज नटाची. राणी व्हिक्टोरियाच्या काळात गावोगाव नाटकं करत फिरला आणि म्हातारपणी इकडे येऊन मूकपटात शिरला. म्हटलं, अगं, मी इंग्रज कुठे दिसतो? तर म्हणे, "अंकल, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये सगळे ग्रेच."

चाळीस वर्षं नाटकाच्या बसमधून हिंडलो. बार्शी, अकोला, चिपळूण, बेळगाव — दुपारी उतरायचं, रात्री तोंड रंगवायचं, पहाटे पुढचं गाव. त्या इंग्रजाला मी चांगला ओळखतो.

१३ मार्च

जेवताना मिहीरला सांगितलं. पोरगा खूश. लगेच म्हणाला, "बघा बाबा, इथेही तुमचं सगळं सेट होतंय. आता तो सांगलीचा फ्लॅट ठेवून काय करायचं? एजंट चांगली पार्टी आणतोय." सून म्हणाली, "अरे, बाबांना विचार तरी." रुचाला कळतं. मी भात कालवत राहिलो.

मला तो फ्लॅट विकायचा नाहीये. मला परत जायचंय. संध्याकाळी नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर आमच्यातले उरलेसुरले जमतात, त्यांच्यात बसून नव्या नटांना नावं ठेवायची आहेत. पण पोराने माझ्या ग्रीन कार्डासाठी वर्षभर खस्ता खाल्ल्या, खालच्या मजल्यावर खोली करून दिली, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला. त्याला कुठल्या तोंडाने सांगू? स्टेजवर माझं वाक्य कधी अडलं नाही. घरच्या टेबलावर अडतं.

२३ मार्च

शूटिंगचा पहिला दिवस. पुरती फजिती.

मिशा चिकटवल्या, लांब कोट घातला, जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि उभा राहिलो. प्रीता "अ‍ॅक्शन" म्हणाली. मी उभाच. पुन्हा "अ‍ॅक्शन". मी उभाच! "अंकल, आर यू ओके?" म्हटलं, बाई, तिसरी घंटा कुठे झाली? घंटा झाल्याशिवाय मी जन्मात एंट्री घेतलेली नाही. सगळे हसले. हसू देत. तिने फोनवर घंटा शोधली, तीनदा वाजवली, आणि मी शिरलो.

मग "टू बिग, अंकल." म्हणजे फार मोठं. बरोबर आहे. मी आपला बाल्कनीच्या शेवटच्या रांगेसाठी करत होतो आणि कॅमेरा हातभर अंतरावर.

त्याहून वाईट पुढेच. संवादच नाही म्हटल्यावर माझे हात उचलेनात. तोंडात वाक्य असल्याशिवाय हात कुठून येणार? नुसता खांबासारखा उभा. चाळीस वर्षांची नटगिरी, आणि खांब! शेवटी प्रीता म्हणाली, "अंकल, से एनीथिंग. मराठीत बोला. कोणाला ऐकू येणारे?"

२४ मार्च

बोललो. हात आले!

३० मार्च

आज प्रेमप्रसंग. हिरॉइन मार्गारेटबाई, रिटायर्ड शिक्षिका, गोड बाई. पण लंचला काय खाऊन आल्या होत्या देव जाणे. मी त्यांचा हात हातात घेतला, डोळ्यांत डोळे घातले आणि म्हणालो, "बाई, लसूण किती खाल्लीत!" बाई लाजल्या. प्रीता म्हणाली, "ब्यूटिफुल."

मला हे काम आवडायला लागलंय. कपाळावरची एक आठी हलवली की पुरते. हे मला चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

६ एप्रिल

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

शेवटचा प्रसंग. म्हातारा नट पडक्या थिएटरच्या दारात उभा. आतल्या माणसाला काहीतरी सांगतो आणि निघून जातो. कॅमेरा पार चेहऱ्याजवळ. काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. तिसरी घंटा झाली आणि तोंडातून आलं, "मिहीर, फ्लॅट विकू नकोस रे. मला घरी जायचंय."

मग थांबलोच नाही. दांडा बसवलास त्याबद्दल बोललो. तू फार चांगला मुलगा आहेस, म्हणालो. सगळं बोललो.

"कट" कोणी म्हणेचना. वर बघितलं तर कॅमेऱ्यामागचा उंच गोरा मुलगा डोळे पुसत होता. प्रीताने येऊन मिठी मारली. एका टेकमध्ये! संगीत नाटकात वन्स मोअर घेतलेत मी, पण असलं काही मिळालं नव्हतं. घरी येताना गाडीत प्रीताने विचारलं, "काय म्हणालात?" तिचं मराठी जेवणापुरतं. म्हटलं, जुनं नाटकातलं काहीतरी.

१४ सप्टेंबर

पुढच्या शनिवारी पहिला शो. महाराष्ट्र मंडळाने अर्धं थिएटर बुक केलंय. आपला माणूस हिरो म्हणून मंडळाच्या सुनेत्राकाकू घरोघरी फोन करताहेत. मिहीर ऑफिसातल्यांनाही आणतोय. छाती फुगली.

२१ सप्टेंबर

हाउसफुल्ल! बाहेर खुर्च्या टाकल्या. एवढं सुख पुरत नाही, म्हणून देवाने वर एक चिमटा काढला.

प्रेमप्रसंग आला. मी पडद्यावर मार्गारेटबाईंचा हात धरला, ओठ हलले, आणि सुनेत्राकाकू ठसका लागून खोकल्या. मग मागे कोणीतरी फुटलं. "लसूण म्हणाले, लसूण!" अर्धं थिएटर पोट धरून हसतंय आणि उरलेलं अर्धं आपलं काय हुकलं म्हणून इकडेतिकडे बघतंय. मीही हसलो. आणि हसता हसता ट्यूब पेटली. ऐकू येत नाही म्हणून मी बोललो होतो. मराठी माणसाला मराठी ओठ दिसतात, हे डोक्यातच आलं नाही! शेवटच्या प्रसंगात तर पडदाभर माझा चेहरा, आणि मिहीर माझ्या शेजारी.

उठून पंख्याचं बटण बंद करावं तसं प्रोजेक्टर बंद करावंसं वाटलं.

आला प्रसंग. कोणी हसलं नाही, कोणी खोकलंही नाही. संपला आणि सगळे उभे राहिले, गोरे, मराठी, सगळे. टाळ्या थांबेनात. मला तीनदा पुढे बोलावलं. तिसऱ्यांदा बघितलं तर मिहीरही उभा राहून टाळ्या वाजवत होता, डोक्याच्या वर हात धरून, जसा लहानपणी विंगेत उभा राहून वाजवायचा. त्या क्षणी मी जगातला सर्वांत मोठा नट होतो. खरंच होतो.

सुनेत्राकाकूंनी जाताना माझा हात नुसता दाबला होता. म्हणजे वाचलंय सगळ्यांनी. मिहीरने वाचलं की नाही, ते कळेना.

२२ सप्टेंबर

सकाळी मिहीरने माझ्यापुढे चहा ठेवला. म्हणाला, "एजंटला नाही म्हणून कळवलंय. तिकीट वन-वे काढू की रिटर्न?"

"रिटर्न काढ," मी म्हणालो. या वेळी आवाजासकट.