छपरावरची आत्या

दि. ४ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

नोकरी लागली! थोडं मानसशास्त्र, थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडं डिझाइन अशा माझ्या पदवीला बाबा ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणायचे. त्या सगळ्या चिंध्या एकदम लागणारी स्टार्टअप कंपनी अखेर सापडली. पगार चिमूटभर, ध्येय डोंगराएवढं, आणि पाच जणांत एकच टेबल, तेही डुगडुगतं.

आम्ही एकट्या राहणाऱ्या वयस्करांसाठी हातात बांधायचा पट्टा करतो. माणूस पडलं किंवा बराच वेळ हललं नाही, की पट्टा घरच्यांना फोन लावतो. एक तुला चाचणीसाठी पाठवतेय. बाबा म्हणतात, पट्टा बांधला तर खुशाल एकटी राहा, नाहीतर सामानासकट इकडे आणतो. माझंही सगळं तुझ्यावरच आहे. चाचणी फसली तर मला कायम करणार नाहीत, आणि मग मी आहे आणि बाबांच्या ओळखीचं ऑफिस आहे.

पट्ट्यासकट लोभ असावा.
तुझी,
भिंगरी

दि. १९ जून

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पट्टा पोचला. औषधाच्या बाटलीचा रंग कुणी निवडला गं? आमच्या बोक्याने, कोतवालाने, हुंगून तोंड फिरवलं. असो, बांधला आहे. तुझ्या बापाला म्हणावं, आता झोप. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घाल.

लोभ ठेव, उपदेश नको.
आत्या

दि. १२ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू आमची शान आहेस! दिवसभर लोळतेस आणि संध्याकाळ झाली की काय ती धावपळ, काय ते चढणं! पट्ट्याने पाठवलेला तुझ्या हालचालींचा आलेख साहेबांनी पैसे गुंतवणाऱ्यांना मोठ्या पडद्यावर दाखवला. एकाने विचारलं म्हणे, बाई खातात काय? धाकट्या बहिणीपुढे हार नको म्हणून बाबाही व्यायामाला लागलेत. पुढच्या महिन्यात मला कायम करताहेत.

लोभ वाढू दे, धाप नको.
भिंगरी

दि. ३ ऑगस्ट

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

बसून वाच. बाई दूध आणि मासे खातात. पट्टा पहिल्या दिवसापासून कोतवालाच्या गळ्यात आहे.

परवा न्हाणीघरात पाय घसरला. घोटा सुजला, उठता येईना. बादलीवर तांब्या बडवत बसले, तेव्हा कुठे शेजारीण आली. त्या वेळी तुमच्या यंत्राच्या मते मी तिच्या छपरावर कबुतरामागे होते. नंतर हसू आलं, पण खरं सांगते, आधी फार घाबरले.

तो पट्टा चहाडखोर आहे. मी जरा पडले की तुझा बाप दारात हजर. मग घराला कुलूप, बोका शेजारी आणि मी तुमच्या हॉलच्या कोपऱ्यात. दादाला यातलं अक्षर कळवू नकोस. साहेबाला काय सांगायचं ते मात्र तू ठरव.

रागावलीस तरी लोभ असू दे.
आत्या

दि. ९ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी रडले, मग हसले, मग साहेबांना सगळं सांगितलं. ते कपाळाला हात लावून बसले. माझं कायम होणं लांबलं, चाचणी पुन्हा पहिल्यापासून. बांधणाऱ्याला कुणी काही विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. आणि म्हणे मानसशास्त्रात माझा पहिला नंबर! आता फोन कुणाला जावा हे बांधणाऱ्यानेच ठरवायचं. बटण दाबूनही तो लावता येईल. बाबांचं नाव काढलंय. कुणाचं घालू?

घोट्याची काळजी घे, लोभ आहेच.
भिंगरी

दि. २ सप्टेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

शेवटी तुझंच नाव घातलंस, बरं केलंस. पट्टा आता खरोखर माझ्या हातात आहे. कोतवाल रुसलाय.

काल दुपारी बटण दाबलं. पडले नव्हते, नुसतं बोलायचं होतं. फोन तुझ्या ऑफिसातल्या सोबतिणीने उचलला. अदबीने म्हणाली, ताई मीटिंगमध्ये आहेत, एकट्या वृद्धांची काळजी कशी घ्यावी यावर चर्चा चालू आहे. मी म्हटलं, चालू दे.

रविवारी ये. आलेख पुष्कळ पाहिलास, तो बोक्याचा होता. घोटा अजून दुखतो आणि घर फार शांत वाटतं. हे दादाला नाही, तुला सांगतेय.

लोभ पत्रातून पोचला. आता तो पायी येऊ दे.
आत्या