भागीरथीची मापं

पांडेसरा, सुरत
बुधवार, ४ फेब्रुवारी २०२६

काशिनाथमामा,

नमस्कार. तीर्थरूप, साष्टांग वगैरे लिहिलं तर तुम्ही कागद तिथेच चुरगाळाल, म्हणून नुसता नमस्कार. तुम्ही माझा फोन उचलत नाही. ही चिठ्ठी शिरपूरच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. तो तुमच्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीत ठेवेल. उद्या दुपारपर्यंत मिळावी.

घरी ठीक आहे. आईचे गुडघे आहेत तसेच. माझ्याशी ती कामापुरतं बोलते. परवा भाकरी वाढताना म्हणाली, "मना भाऊ तुनामुये गया." तुम्ही माझ्यामुळे घर सोडलंत, म्हणून. मी म्हटलं, "हो." मी वाद घालेन अशी तिची तयारी होती. वाद न मिळाल्यामुळे तिने आणखी एक भाकरी वाढली.

तुम्ही गेल्यापासून सहा आठवड्यांत आपल्या प्राणिसंग्रहालयाची जी प्रगती झाली आहे ती तुम्हाला कळायला हवी. शेठने चलथाणच्या पुढे उसाच्या शेतात दोन शहामृगं आणि एक उंट आणून सुरुवात केली, तेव्हा तुम्ही तिथले पहिले नोकर होता. आज एकतीस जातींचे एकशे ब्याऐंशी प्राणी आहेत. मी स्वतः मोजले आहेत. गेटवरच्या नव्या पाटीवर मात्र 'पाचशेहून अधिक' लिहिलं आहे. मी शेठना विचारलं, तर म्हणाले, "माछलीओ गणी के नई, बेन?" मासे मोजले नव्हते, हे खरं.

अहमदाबादहून एक सल्लागार आणला आहे. त्याने पडद्यावर पुढच्या दहा वर्षांचा आराखडा दाखवला. जमीन तिप्पट होणार. फायबरचा धबधबा, तोंडातून वाफ सोडणारा डायनासोर, आणि 'वाघाच्या गुहेत जेवण' नावाचं हॉटेल. वाघ नाही. गुहा तयार आहे, तिच्यात एसीसुद्धा बसला आहे. तासाभरात त्या माणसाने तरसाला दोनदा लांडगा म्हटलं. दुसऱ्या वेळी मी दुरुस्ती केली, तर म्हणाला, "पब्लिकला काय फरक पडतो मॅडम?" आणि शेठ हसले. डॉक्टरही हसले. डॉक्टरांचं म्हणाल तर शेठच्या चेहऱ्याकडे बघितल्याशिवाय ते कुठल्याच प्राण्याचा ताप मोजत नाहीत.

वन्यजीव संग्रहालयाची इमारत उभी राहिली. दोन दालनं आहेत. छत गळतं, पण दिवे महागडे आहेत. मधोमध मोठी काचेची पेटी आहे, तिच्यात खोट्या खडकाचा चौथरा केला आहे. चौथऱ्यावर अजून काही नाही. उद्घाटन २१ फेब्रुवारीला आहे. माझ्या खोलीच्या दारावर पितळी पाटी लागली: 'हर्षदा पाटील, संग्रहालय प्रमुख'. अक्षरं सरळ रेषेत नाहीत.

आपल्या म्हाताऱ्या तरसाबद्दल, भागीरथीबद्दल, अजून लिहिलं नाही. आता लिहिते.

ती खात नाही. तुम्ही होता तेव्हा दिवसाला साडेतीन किलो खायची. पहिल्या आठवड्यात दोन किलोवर आली, या आठवड्याची सरासरी सहाशे ग्रॅम आहे. नवा माणूस लखन वाईट नाही, पण सल्लागाराने नियम केला आहे की मांस डाव्या खिडकीतून द्यायचं, कारण त्या बाजूने फोटो चांगला येतो. अकरा वर्षं तुम्ही उजव्या खिडकीतून दिलंत. मी स्वतः तीन दिवस उजवीकडून देऊन पाहिलं. ती उठून आली, माझा हात हुंगला आणि परत जाऊन पडली. तुम्ही तिला सासूचं नाव ठेवलं होतंत, कारण ती तशीच खेकसते म्हणून. आता खेकसतही नाही.

मंगळवारी, १० तारखेला सकाळी अकरा वाजता समिती बसणार आहे. शेठ, डॉक्टर आणि बाहेरून येणारे एक अधिकारी. डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलं आहे की वय झालं आहे, अन्न सोडलं आहे, त्रास वाढतो आहे, तेव्हा इंजेक्शन देऊन कायमचं शांत करावं. कागदावर सगळं बरोबर आहे. तिने अन्न का सोडलं, एवढं एकच त्यात नाही.

आणि ती पेटी कोणासाठी आहे, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणूनच तुम्ही गेलात.

त्या दिवशी वर्कशॉपमध्ये तुम्ही मेलेल्या प्राण्याचं कातडं चढवायचा फोमचा साचा पाहिलात. डाव्या कानाची फाटलेली कड त्याच्यावर होती, त्यामुळे कोणाचा आहे हे विचारायची तुम्हाला गरज पडली नाही. तुम्ही म्हणालात, "जित्ता जनावरनं कफन शिवी ऱ्हायनी का तू?" मी म्हटलं की संग्रहालयात असं आधीपासून नियोजन करावं लागतं. वर म्हटलं की मला जेवढं काम सांगितलं तेवढं मी केलं, बाकीचं मला माहीत नव्हतं.

मला माहीत होतं.

ऑक्टोबरमध्ये तिची दाढ काढली तेव्हा मी तुम्हाला सांगितलं होतं की मापं औषधाच्या हिशेबासाठी घेते आहे. दाढ खरोखरच किडलेली होती, एवढं खरं. ती काढायला वीस मिनिटं लागली. भागीरथी पंचेचाळीस मिनिटं बेशुद्ध होती. मधली पंचवीस मिनिटं माझी होती. तिच्या वयाला एवढा वेळ धोक्याचा, हे मी कॉलेजात शिकले आहे. नाकापासून डोळ्यापर्यंत, डोळ्यापासून कानापर्यंत, मानेचा घेर, छातीचा घेर, चारही पायांची लांबी. एकूण अडतीस मापं. एरवी ही मापं प्राणी मेल्यावर, कातडं काढण्याआधी घेतात. माझ्या तक्त्यावर 'मृत्यूची तारीख' असा रकाना होता. तो कोरा ठेवून मी बाकीचा तक्ता भरला.

टेपचं दुसरं टोक तुम्ही धरलं होतंत.

तुम्ही म्हणालात, "काय शिंपीणबाई, झंपर शिवती का म्हातारीले?" लहानपणी मी घरभर टेप घेऊन फिरायचे तेव्हापासूनचं तुमचं ते नाव. मी हसले. हसून पुढचं माप घेतलं.

त्याच्या आदल्या आठवड्यात शेठनी मला आराखड्यातली पेटी दाखवली होती आणि म्हणाले होते, "बेन, एकदम जीवतुं लागवुं जोईए." एकदम जिवंत वाटलं पाहिजे. खिडकीतून पन्नास पावलांवर भागीरथी उन्हात पडलेली दिसत होती. तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "मान कोणत्या बाजूला हवी?"

मान मी उजवीकडे ठेवली. ती तशीच उभी राहते, म्हणून. साचा बघून सगळे म्हणाले, काय जिवंत आहे! ती उजवीकडे का बघते, हे त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक नाही. साचा करताना मलाही सुचलं नाही. तुम्ही गेल्यावर ती रिकाम्या खिडकीकडे तशीच मान करून उभी राहिलेली दिसली, तेव्हा कळलं.

काचेचे डोळे डिसेंबरातच आले. ते तळहातावर घेऊन मी पिंजऱ्याशी गेले होते, रंग जुळतो का बघायला. हे तुम्हाला ठाऊक नाही. रंग जुळला.

या लोकांना मी नावं ठेवते. सल्लागाराला, डॉक्टरांना, गुहेतल्या एसीला. घरीही ठेवायचे, तुम्हाला मजा वाटायची. पण त्यांच्यातल्या कोणालाच फोमचा साचा करता आला नसता. त्यासाठी शिकलेलं माणूस लागतं.

सोमवारी मी एक निवेदन लिहिलं. मापं कोणत्या तारखेला घेतली, प्राणी जिवंत होता, भूल दाढेसाठी दिली होती, जास्तीची पंचवीस मिनिटं कशासाठी लागली. सोबत तक्ता जोडला, कोऱ्या रकान्यासकट. खाली सही केली. एक प्रत बाहेरच्या अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिली आणि पोच घेतली. तुमचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. काल संध्याकाळी शेठनी बोलावून विचारलं, "आ शुं कर्युं, बेन?" काय केलंस हे, म्हणून. मी म्हटलं, मापं दिली. आज सकाळी दारावरची पाटी काढलेली होती. चार स्क्रूंपैकी एक निघाला नाही, तो तसाच आहे.

पण निवेदनाने ती वाचेल असं मला वाटत नाही. चौकशी महिनाभर चालेल, आणि इंजेक्शन मंगळवारी आहे. समितीच्या समोर ती जेवली, तर मात्र त्यांना तिला हात लावता येणार नाही. डॉक्टरांच्या कागदाचा सगळा आधार अन्न सोडण्यावर आहे. आणि ती कोणाच्या हातून जेवेल, हे मला आणि तुम्हाला सोडून कोणाला माहीत नाही.

सोमवारी रात्रीची बस धरलीत तर पहाटे पाचला उधना दरवाज्याला उतराल. लखनशी बोलून ठेवलं आहे. तो तुम्हाला मागच्या फाटकातून, ऊस उतरवतात तिथून आत घेईल. उजवी खिडकी त्याने तेल घालून मोकळी केली आहे. मांस हाडासकट आणायला सांगितलं आहे, पण दाढ काढलेल्या बाजूचं तुम्हालाच बघावं लागेल. तुम्ही तुकडे किती मोठे करायचात, ते मी कधी मोजलं नाही.

माझ्याशी बोलायची गरज नाही. त्या दिवशी मला आत सोडतील की नाही, तेही ठाऊक नाही. सोडलं तर मी डाव्या बाजूला उभी राहीन. तुम्हाला दिसणार नाही.

फोमचा साचा मी मोडणार होते. मोडला नाही. निवेदन खोटं ठरवलं, तर पुरावा म्हणून तो लागेल. काचेचे डोळे या पाकिटात आहेत. त्यांचं काय करायचं, ते तुम्ही ठरवा.

अडतीस मापं घेतलेली,
शिंपीण