हे गोड बोलायला लागले तेव्हा

भावोजींना वहिनीचा आशीर्वाद. तुमची तब्येत ठणठणीत असणारच, रागावर माणूस बरा टिकतो. शिडीवरून तुम्हा भावांत झालेल्या भांडणाला सात वर्षं झाली, तेव्हापासून पत्र नाही, म्हणून मायना तपासत बसू नका. पुढे वाचा.

तुमचे दादा छातीत कफ भरून नऊ दिवस आयसीयूत आहेत. घाबरू नका, आज सकाळीच त्यांनी मला "अक्कल गहाण ठेवलीस का" असं विचारलं. एवढा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. का ते ऐका. चौथ्या दिवशी हे एकदम गोड झाले. मी पाणी पाजलं तर म्हणाले, "आभारी आहे ताई, आपण बसा ना." चाळीस वर्षांत या माणसाने मला बस म्हटलेलं नाही (ऊठ मात्र रोज). नर्स म्हणाली, किती शांत पेशंट. मी म्हटलं, बाई, हा माणूस शांत नाही, बिघडलाय. तिने यांना नाव विचारलं, यांनी सांगितलं. बोट दाबा म्हटलं, दाबलं. झाले पास. (आमच्या शाळेत असे पास करत असते तर मी चौथीत थांबले नसते.)

मी डॉक्टरीणबाईची वाटच अडवली. कालची पोरगी, पण ऐकून घेतलं. म्हणाली, आजी, आरडाओरडा करणारा लगेच कळतो, गप्प राहून भरकटलेला नजरेतून सुटतो. डेलिरियम म्हणतात त्याला, वेड नव्हे, आजारात मेंदूची होते ती गडबड. मग यांच्या डोक्याला तारा चिकटवल्या आणि पडद्यावर मेंदूच्या लाटा धावायला लागल्या. मला आधी थोतांड वाटलं. पण भावोजी, जन्म शिलाई मशीनवर गेलाय माझा. तिने शेजारी धड मेंदूची पट्टी दाखवली, ती बारीक घट्ट शिलाई. आणि यांचा नुसता कच्चा धावदोरा, लांब लांब, ढिला. मी तसं म्हटलं तर पोरगी म्हणाली, आजी, बरोबर ओळखलंत. (हे लिहून घ्यायला हवं होतं.) मग गुंगीचं औषध कमी केलं, नाकावर चष्मा, कानात मशीन, समोर घड्याळ, पलंग खिडकीकडे, आणि उशाशी मी. ओळखीच्या आवाजात बोलत राहा, असा हुकूम होता. माझी बडबड औषध म्हणून लावली गेली, आणि ते कडू औषध यांनी मुकाट्याने घेतलं. मी रोज पडद्यावर बघत होते, टाका बारीक होत गेला. आणि आज अक्कल निघाली माझी. बाकी सगळं ठीक.

तुमची वहिनी

ता. क. काल चार वाजता हे छताकडे बघत म्हणाले, "धाकट्याला बोलाव. शिडीच्या बाबतीत चूक माझीच होती." आज विचारलं तर म्हणतात, भ्रमात बोललो असेन.

आणखी एक. मी पोरीला कालची चारची पट्टी उघडायला लावली. ती म्हणाली, खरं-खोटं यंत्राला कळत नाही, पण त्या वेळी यांच्या लाटा ठीक होत्या. मीही पाहिलं. बारीक, घट्ट शिलाई. तेव्हा उद्याच या. भेटायची वेळ चार ते पाच.

शेवटचं. शिडी आणू नका. आत घेत नाहीत, मी विचारून ठेवलंय.