धर्मपाल मनवर यांच्या नावापुढे उर्फ लावू नये

मी, सत्यशीला धर्मपाल मनवर, वय चाळीस, नगरपालिकेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका, राहणार दारव्हा, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. पुढच्या महिन्यात नागपूरला माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी शिकवलेले नाही. मनात राग आहे आणि तो राहणार, पण रागामुळे मला काय लिहायचे ते समजत नव्हते, असे कोणी कोर्टात म्हणू नये.

अर्जनवीस पूनमसिंग राठोड यांनी कच्चा मसुदा केला होता. त्यात माझ्या दिवंगत पतीचे नाव "धर्मपाल उर्फ दगडू" असे होते. ते मी खोडले. ते म्हणाले, "बाई, उर्फ नसलं तर हत्यारं हातची जातीन." कायद्याने त्यांचे म्हणणे बरोबर असेल. म्हणून हा कागद मीच लिहीत आहे, आणि उर्फ न लिहिता पतींची वायरमनकीची हत्यारे कशी वाचतील ते खाली सांगते.

कलम १. राहते घर आणि मागचा परस माझी नणंद इंदूबाई हिला. ती माझे ऐकत नाही आणि भाजीत मीठ जास्त टाकते. पती आजारी असताना तिच्याशिवाय कोणी त्यांच्या उशाशी बसले नाही. तिला तिच्या हयातीत कोणी उठवू नये.

माझ्या भावाला काही नाही. आम्ही घरातले देव काढले तेव्हा त्याने माझ्याशी बोलणे सोडले. आताही बोलू नये.

कलम २. पोस्टातली शिल्लक ऑपरेशनातून उरली, तर तीही इंदूबाईला.

कलम ३. हत्यारांविषयी. हे सविस्तर लिहावे लागेल.

माझे पती लहानपणापासून देवीलाल मोतीलाल हार्डवेअरवाले यांच्याकडे वायरमन होते. शेठजींकडे विजेच्या ठेकेदारीचे लायसन आहे. मुंबईकडचा एक शिकलेला माणूस त्यांच्या दुकानात होता, तेव्हा त्याच्या परीक्षेवर ते मिळाले. माणूस गेला, लायसन राहिले. शेठजी स्वतः विजेला इतके भितात की दिव्याचे बटण छत्रीच्या लाकडी मुठीने दाबतात.

१९५६ साली आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. माझे पती तोवर दगडू होते, परत आले ते धर्मपाल म्हणून. माझेही नाव तेव्हाच बदलले. शाळेच्या दप्तरात आमचे हेडमास्तर गावंडे गुरुजी यांनी एक ओळ लिहिली, खाली सही केली, आणि म्हणाले, "झालं. आता वर्गावर जा." एवढेच काम होते.

पुढच्या वर्षी आमच्या वस्तीतल्या लोकांना घरात वीज हवी होती. शेठ म्हणाले, "तिकडं माही वायर गेली तं इकडची गिऱ्हाइकं तुटतीन." तेव्हा पतींनी नोकरी सोडून घराच्या पुढच्या खोलीत दुकान मांडले आणि स्वतःचा धंदा सुरू केला. लायसन नसताना धंदा काहून काढला, असे लोक अजून विचारतात. त्याचे उत्तर हे आहे की लायसनची वाट पाहिली असती तर वस्ती अंधारात राहिली असती. कमाईत हिस्सा ठरल्यावर शेठजींनी आपल्या लायसनवर काम करू दिले. काम पतींनी करायचे, तपासणीच्या कागदावर सही शेठजींनी करायची, आणि दुकानावर पाटी शेठजींच्या नावाची.

हे तात्पुरते होते. परीक्षा देऊन स्वतःचे लायसन काढायचे, हे पहिल्या दिवसापासून ठरले होते. दुकानाच्या भिंतीत, दारातून दिसेल अशा जागी, त्यांनी लायसनच्या चौकटीचा खिळा ठोकायला लाकडी गिट्टी आधीच बसवून ठेवली. परीक्षा ते पास झाले. पण अर्ज परत आला. शेठजींनी दिलेला अनुभवाचा दाखला दगडूचा आणि अर्जदार धर्मपाल. कोर्टात प्रतिज्ञालेख केला, तरी ज्याने दाखला दिला त्याच्याच सहीने खुलासा हवा, असे उत्तर आले. एक ओळ हवी होती.

आम्ही दोघे शेठजींच्या दुकानात गेलो. त्यांनी मला बसायला सांगितले नाही. पतींकडे पाहून म्हणाले, "मी कोन्या धर्मपालले ओयखत नाही. मले दगडू मालूम हाये. दगडूच्या नावानं अर्ज कर, आत्ता सही देतो."

पती म्हणाले, "दगडूच्या नावानं लायसन आलं तं भिंतीवर कोनाले टांगू, शेठ?"

"मंग उर्फ लाव. त्यात काय जाते तुह्यं?"

"उर्फ म्हंजे दोन्ही नावं चालू. ज्याले जे वाटन ते हाक मारन."

शेठ हसले आणि गिऱ्हाइकाला खिळे मोजून द्यायला लागले. ती सही त्यांनी कधीच दिली नाही. धर्मपालला लायसन मिळाले तर आपला हिस्सा बंद होतो, हे त्यांना नीट समजत होते. नाव हे त्यांना सापडलेले निमित्त होते. पती दुकानातून उतरताना एवढेच म्हणाले, "चाल."

गेल्या मार्चमध्ये माझे पती काविळीने वारले. शेठ बसायला आले. चार माणसांत म्हणाले, "दगडू मोठा इमानदार मानूस होता." मग निघताना, "ते हत्यारं पाठून द्या. लायसन माह्यं, तं दुकान माह्यं. 'द' कोरलेलं हाये सगळ्यावर, दगडूचं. दगडू माह्या घरचा मानूस."

इंदूबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "मंग दगडूले शोधा, शेठ, अन् त्याच्याजोळून घ्या."

तेव्हा मला तिचा राग आला होता. नंतर मी त्यावर विचार केला, आणि ती कायद्याचे बोलली असे माझे मत झाले.

हत्यारांच्या मुठींवर 'द' आहे, हे खरे. त्याचा 'ध' करा, असे मी एकदा पतींना म्हटले होते. ते म्हणाले, "ज्यानं कमावली त्याचं अक्षर राहू दे." म्हणून मी असे लिहून ठेवते:

दगडू डोमाजी मनवर नावाचा वायरमन १९५६ च्या ऑक्टोबरपर्यंत दारव्ह्यात होता. पक्कड, गिरमिट, हातोड्या, वायरिंग तपासायचा मेगर आणि शिडी त्याने आपल्या मजुरीतून घेतली. 'द' हे अक्षर त्याचेच, हे देवीलालशेठ यांनी चारचौघांत कबूल केले आहे. त्या वेळी गावंडे गुरुजी हजर होते. दगडूने ही सर्व हत्यारे धर्मपाल डोमाजी मनवर यांना दिली आणि तो गेला. देताना दुसरे कोणी हजर नव्हते. त्यानंतर घेतलेली हत्यारे धर्मपाल यांची स्वतःची. धर्मपाल यांच्यामागे ती सगळी माझी झाली. शेठजी धर्मपाल यांना ओळखतच नाहीत, तेव्हा धर्मपाल यांच्या मालमत्तेवर त्यांचा हक्क असण्याचे कारण नाही.

कलम ४. वरील सर्व हत्यारे बोरी अरबजवळच्या तांड्यावरचे लखीराम हरिसिंग राठोड यांना. ते पतींबरोबर पहिल्या घरापासून कामाला होते. यंदा ते ठेकेदारीच्या परीक्षेला बसत आहेत. त्यांनी 'द' पुसू नये.

कलम ५. दुकानाच्या भिंतीतली गिट्टी कोणी काढू नये. तिच्यावर पतींचा हार घातलेला फोटो लावू नये. इंदूबाईने दोनदा लावला आणि मी दोनदा काढला. लखीराम यांचे लायसन येईल तेव्हा ते तिथे टांगावे. तोवर जागा रिकामी ठेवावी.

कलम ६. दुकानावरची पत्र्याची पाटी ही आमच्याकडे असलेली शेठजींची एकमेव वस्तू आहे. माझ्या पश्चात ती उतरवून, पुसून, त्यांना परत करावी आणि पावती घ्यावी. घेणाऱ्याच्या ओळखीत घोटाळा होऊ नये म्हणून, गावातली सगळी वायरमन मंडळी त्यांना ज्या नावाने ओळखतात तेही पावतीवर लिहावे. उर्फ लिहायला तिथे माझी हरकत नाही. पूर्ण नाव असे: देवीलाल मोतीलाल उर्फ छत्रीवाले.

हा कागद वाचून, समजून, मी त्यावर साक्षीदारांसमोर सही केली आहे. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

दारव्हा, ता. १२ ऑगस्ट १९६३

साक्षीदार:
१. श्यामराव कृष्णाजी गावंडे, हेडमास्तर, दारव्हा
२. पूनमसिंग फुलचंद राठोड, अर्जनवीस, दारव्हा

सही:
सत्यशीला धर्मपाल मनवर