सांडलेला घेवडा

प्रिय मातिल्दे,

तुझा निरोप मीठवाल्याने पोचवला. सीमेपलीकडच्या छावणीत तुला खोली मिळाली हे ऐकून जीव भांड्यात पडला. छप्पर गळतं का, ते तू कळवलं नाहीस. बाळाला थंडीचं बाहेर काढू नकोस. माझा गुडघा सुजला आहे, तांबडी कोंबडी खुडूक बसली आहे, आणि वरच्या आळीतली घरं सैन्याने जाळली, तो वास अजून मक्याच्या शेतातून जात नाही. मी अक्षरं उशिरा शिकलो, तेव्हा चुका पोटात घाल.

सेलेस्तिनो गेला हे तुला कळलंच असेल. कसा गेला ते कुणी सांगणार नाही, कारण पाहणारा मी एकटाच होतो. आपल्या फादरांना सैन्याने मारल्यापासून डोंगरापलीकडच्या फादरांकडून ख्रिस्तप्रसाद आणायचं काम तोच करी. फडक्यात बांधून टोपलीत तळाशी ठेवायचा, वर काळा घेवडा. त्या दिवशी सोबतीला मी होतो. पुलाशी सैनिकांनी अडवलं. एक जण म्हणाला, "ए म्हाताऱ्या, काय लपवलंयस?" सेलेस्तिनो म्हणाला, "घेवडा आहे साहेब. घ्या की थोडा, पण मग रात्री बराकीत दारं उघडी ठेवून झोपा." सैनिक हसले. आम्ही सुटलोच होतो. तेवढ्यात त्यांच्या लेफ्टनंटने उगीच, जाता जाता, टोपलीला लाथ घातली.

आपल्याकडे दाणा जमिनीवर पडला की माणूस वाकतोच. तुझी आई तर भर लग्नात वाकली होती. मीही वाकलो आणि मुठी भरून घेवडा गोळा करू लागलो. सेलेस्तिनोही वाकला, पण फडकं सुटलं होतं आणि चिखलात प्रसादाच्या भाकरीचे पांढरे तुकडे पडले होते. त्याचा हात घेवड्यावरून सरळ त्या तुकड्यांकडे गेला. एवढा घेवडा सांडलेला असताना हा माणूस दुसरंच काही उचलतो, हे लेफ्टनंटने पाहिलं. त्याने विचारलं, "हे काय?" अंगदुखीची गोळी म्हटलं असतं तरी चाललं असतं, मातिल्दे. सेलेस्तिनो म्हणाला, "माझा प्रभू आहे," आणि चिखलासकट सगळे तुकडे तोंडात घालून गिळले.

ज्या हाताने उचललं, तो हात त्यांनी आधी तोडला. पुलाच्या कठड्यावर ठेवून, कोयत्याने, दोन घावांत. लेफ्टनंट म्हणत होता, "म्हण, मी कुठल्या प्रभूला ओळखत नाही. म्हण आणि घरी जा." सेलेस्तिनो म्हणाला, "ओळखतो. लहानपणापासून ओळखतो." मग दुसरा हात. पुन्हा तोच हुकूम, पुन्हा तेच उत्तर, आवाज मात्र बारीक होत गेला. शेवटी नुसते ओठ हलत होते, आणि तेही त्यांना सहन झालं नाही. त्याला पुलाखाली ढकलून दिलं. माझ्याकडे बघून एक सैनिक म्हणाला, "हा तर नुसता भुकेला म्हातारा आहे, जाऊ द्या." माझ्या मुठीत घेवडा होता ना. मला कुणी काही विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, ते मला माहीत नाही. तेव्हापासून घेवडा शिजवला की घास उतरत नाही.

सेलेस्तिनोची आई, दोन्या सिप्रियाना, आता अंथरुणाला खिळली आहे. पाणीही तोंडाबाहेर येतं. परवा भेटायला गेलो तर म्हणाली, "मला काढा नको, रस्सा नको. प्रसाद घेतल्याशिवाय मी मरायची नाही, मग बसा माझी घाण काढत." मी म्हटलं, आजी, आणणार कोण, सगळे पळाले. ती म्हणाली, "तू आहेस की. मांजराला भितोस, ठाऊक आहे मला. माझा सेलेस्तिनोही भ्यायचा. लग्नापर्यंत माझ्या कुशीत झोपायचा मेला." मग हसता हसता तिला ठसका लागला, आणि मी तिची पाठ चोळत बसलो.

तू कळवलंस की रविवारी ट्रक येणार, त्यात बसून या. पोरी, मी येत नाही. उद्या पहाटे टोपली घेऊन डोंगरापलीकडे निघतो आहे. पूल तोच, लेफ्टनंटही तोच. कोंबडी शेजारच्या रुफिनाला दिली आहे. पिल्लं निघाली तर अर्धी तिची. मी परतलो नाही तर शोधायला कुणाला पाठवू नकोस, आणि बाळाच्या मनात सैनिकांविषयी विष कालवू नकोस. तीही कुणाची तरी पोरं आहेत. बाबा सुखरूप परत येऊ देत, असं मागू नकोस. या वेळी मला विचारलं तर माझी जीभ कचरू नये, एवढंच माग. मी अजूनही भितो. पण टोपली सांडली तर आधी काय उचलायचं, ते मी ठरवलं आहे.

तुझाच, कायम धास्तावलेला,
बाबा हासिंतो