प्लिमसॉलची माफी

ब्रिस्टल,
मार्च २००६

प्रिय बाबा,

फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तुम्ही मला आधी पाणी प्यायला सांगता, म्हणून हे पत्र. ऑफिसात मी टेबलावर हात आपटून मॅनेजरना भर मीटिंगमध्ये खोटारडे म्हटलं, ते रविवारी सांगितलंच. विमानाच्या दारातला एक पार्ट आमच्याकडे चाचणीला आला होता. तो तीनदा तडकला आणि चौथ्यांदा टिकला. अहवालात मॅनेजरनी फक्त ती चौथी चाचणी दाखवली. शुक्रवारपर्यंत लेखी माफी दे, नाहीतर नोकरी सोड, असं मला बजावून घरी बसवलं होतं. वर्क परमिट नोकरीलाच बांधलेलं, म्हणजे नोकरीबरोबर हा देशही सुटणार.

घरी बसून करायचं काय? इथे बंदराकाठी सॅम्युअल प्लिमसॉल नावाच्या एका दाढीवाल्याचा अर्धपुतळा आहे. दोन वर्षं मी त्याच्यासमोरून जातेय, पण हा कोण, असं कधी मनातही आलं नाही. या खेपेला लायब्ररीतच जाऊन बसले. जन्म इथलाच, धंदा कोळशाचा, त्यात एकदा दिवाळं वाजलेलं, आणि तरी पुढे खासदार. त्या काळी काही जहाजमालक कुजकी जहाजं वाटेल तेवढी भरून समुद्रात सोडायचे. बुडालं तर विमा होताच. खलाशी गेले तर गेले. याचं मागणं एवढंच, की जहाजावर बाहेरून रेघ मारा आणि ती पाण्याखाली जाईल इतका माल भरू नका.

१८७५ मध्ये सरकारने जहाजांच्या सुरक्षेचं विधेयक बाजूला सारलं, तेव्हा हा संसदेतच भडकला. मूठ काय नाचवली, जहाजं बुडवणाऱ्या एका मालक-खासदाराची हकिकत सांगून अशांना बदमाश काय म्हणाला. आठवड्याने परत येऊन त्याने माफी मागितली. तो भाग मी पुन्हा पुन्हा वाचला, कारण माफी कशी मागतात हे मला शिकायचंच होतं. शब्द त्याने मागे घेतले, सांगितलेली हकिकत मात्र घेतली नाही. पुढच्या वर्षी कायदा झाला, त्यातही गंमत बघा: रेघ सक्तीची, पण ती कुठे मारायची ते मालकाने ठरवायचं. एका कप्तानाने म्हणे ती थेट धुराड्यावर रंगवली. आमच्या ऑफिसात तो छान रुळला असता.

काल मी माफी लिहून दिली. टेबलाबद्दल आणि त्या शब्दाबद्दल, अगदी मनापासून. खाली त्यांनी आणखी एक ओळ टाइप करून ठेवली होती, की पार्टबद्दलची माझी शंका गैरसमजातून आली. ती खोडली आणि सही केली. आज नोकरी गेली. चाचण्यांची माहिती मी विमान सुरक्षेच्या सरकारी खात्याला कळवली आहे. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. बाबा, मला भीती वाटतेय आणि सारखं रडू येतंय. मुलगी आता तिकडचीच झाली, असं आईने अख्ख्या सोसायटीला सांगून ठेवलंय. तिला तुम्ही समजावा, मला ते जमणार नाही. आणि विमानतळावर घ्यायला याल तेव्हा राग आवर म्हणून सांगू नका. मी चुकले नाही, एवढं एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय.

तुमचीच, तापट,
मंजिरी