देवाचे आभार, आणि थोडे माझेही

सोमवार, ३ तारीख. सकाळ.
नात जिंकली. आठशे मीटर, सेमीफायनल. मुलाच्या फोनवर तीनदा बघितलं. रेघ ओलांडली की पोरगी मान वर करते, बोट आभाळाकडे. माइक पुढे आला तर म्हणाली, देवाचे आभार. पण देवाला सांगायला कोण गेलं होतं? मी. पहाटे पाचपासून त्याच्या कानाशी बसले होते. असो. सतरा वर्षांची आहे, शिकेल.
फायनल रविवारी. पहिली येईल तीच राज्याच्या टीममध्ये जाणार. दोन वर्षं त्यासाठी मरमर पळतेय. ठरवलं, रविवारपर्यंत साखर बंद. सुनेला टोचून बोलणं बंद. आणि शर्यत चालू असताना बसायचं नाही. ती पळणार आणि मी बसणार, हे कुठल्या देवाला आवडेल? एवढं केल्यावर माइकवर माझं नाव यायलाच हवं. देवानंतर आलं तरी चालेल.

मंगळवार, ४. दुपार.
साखर सुटली. चहात मध घातला, मधाला कोणी साखर म्हणत नाही. सुनेलाही काही बोलले नाही. भाजी खारट झाली एवढंच सांगितलं, ती माहिती झाली. जिवाला चैन नाही. स्वयंपाकघर ते बाल्कनी बावीस फेऱ्या झाल्या. सून म्हणते, आई, बसा हो, फरशी झिजेल. मी म्हटलं, तू बस, तुला सवय आहे. हे टोचणं नव्हे, कौतुक आहे.

गुरुवार, ६. सकाळ.
नातीला विचारलं, जिंकल्यावर देवाचंच नाव का घेतेस गं? बुटांच्या नाड्या बांधत होती. म्हणाली, आजी, नंतर, सर थांबलेत. गेली पळत. मी काय ते समजले. मनात माझंच नाव असणार, चारचौघांत लाजते. मीही चौथीत असताना सगळ्यांच्या पुढे पळायचे, मग शाळेतून नाव काढलं, नाहीतर... जाऊ दे. काय सांगत होते? हां, फेऱ्या. एकतीस.

शनिवार, ८. संध्याकाळ.
शेजारणीकडे वाढदिवस. केकचा एक तुकडा. दुसरा तिने आग्रहाने दिला. नाही म्हणून माणसाला दुखवणं देवाला खपत नाही. उद्या कडक.

रविवार, ९. दुपार.
शर्यत सुरू झाली. स्टेडियममध्ये मी उभी. मागून एक बाई म्हणते, अहो, बसा की, दिसत नाही. माझ्याच वयाची. म्हटलं, बसता येत नाही, देवाला शब्द दिलाय. ती म्हणाली, मीही दिलाय, वर्षभर अळणी जेवतेय, पाच नंबरची माझी नात आहे.
वर्षभर. म्हटलं, डॉक्टरांनीच बंद केलं असेल मीठ. मग ती उभी राहिली आणि आमची जुंपली. देवाने आधी कोणाचं ऐकायचं, यावर. मैदानाकडे दोघींचं लक्ष नाही. शेवटी रखवालदार आला, म्हणाला, आज्यांनो, पुरे, आणि खांद्याला धरून दोघींना शेजारी-शेजारी बसवलं. वळून बघते तर शर्यत संपलेली. दोन मिनिटं पळतात फक्त, मला वाटलं होतं बराच वेळ चालेल.
नात पहिली. पाच नंबर दुसरी. आणि मी बसलेली.
माइकवर देव झाला, सर झाले, पहाटे चारला उठून डबा देणारी आई झाली. मग माइक पुढे गेला.
ती बाई मला म्हणाली, अभिनंदन हो. चांगल्या आवाजात म्हणाली, हेच वाईट.

रविवार, ९. संध्याकाळ.
नात गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. पुन्हा विचारलं, देवाचंच नाव का? म्हणाली, आजी, जिंकल्यावर बघू कुठे? समोर पाच नंबर गुडघ्यांत डोकं घालून बसलेली. रोज माझ्याएवढीच पळते ती. मग वर बघते, तिथे कोणी रडत नसतं. आणि वर बघितल्यावर दुसरं काय म्हणणार?
माझं नाव का नाही घेतलंस, हे विचारायला आले होते. विचारलं नाही. टॉवेल आणून दिला.
मग देवापुढे आभार मानायला बसले. कशाचे मानू ते ठरेना. त्या बाईने वर्षभर पाळलं, मी पाच दिवस नाही. हात जोडले तर तोंडातून आलं, त्या पाच नंबरचंही जरा बघ.
धावण्यात नको. अभ्यासात वगैरे.